जुनं बचत खातं बंद करण्याआधी

नोकरी किंवा शहर बदललं की जुनं बचत खातं मागेच राहतं. ते तसंच सोडून देऊ नका. दोन वर्षं तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय ठरतं आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. मागून ती परत मिळते, पण हेलपाटे घालावे लागतात. तेव्हा खातं बंद कराच, फक्त अर्ज मागायला जाण्याआधी वर्षभराचा खातेउतारा काढा. तीन महिन्यांचा नको, सहा महिन्यांचाही नको. पूर्ण वर्षाचा, आणि वर एक महिना जास्तीचा.

हे इतकं सांगायचं कारण असं, की मागच्या वेळी मी तीन महिन्यांचाच उतारा पाहिला. दर महिन्याला जाणारे हप्ते सगळे सापडले. वर्षातून एकदाच जाणारा विम्याचा हप्ता त्यात नव्हता, आणि पॉलिसी बंद पडली.

नवं खातं आधी चालू हवं, हे उघड आहे. पगार एकदा तिथे जमा होऊ द्या.

आता उतारा घेऊन बसा आणि खात्यातून आपोआप वळती झालेली प्रत्येक रक्कम वेगळ्या कागदावर लिहा. कर्जाचा हप्ता, एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने जाणारी रक्कम), क्रेडिट कार्डाचं बिल हे लक्षात असतंच. लॉकरचं भाडं वर्षातून एकदा जातं. आयुर्विम्याचा, आरोग्यविम्याचा वार्षिक हप्ताही तसाच. मे महिन्याची अखेर तर बोट ठेवून वाचा: तिथे २० रुपये आणि ४३६ रुपये अशा दोन नोंदी असू शकतात. पहिली पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेची, दुसरी जीवन ज्योतीची. रक्कम लहान म्हणून नजर पुढे सरकते, पण दोन्हींचं संरक्षण प्रत्येकी दोन लाखांचं आहे आणि खातं बंद झालं की ते संपतं. जीवन ज्योतीत पुन्हा नाव घातलं तर पहिले तीस दिवस अपघाती मृत्यू सोडून दावा मिळत नाही. एवढ्यासाठी घरच्यांना उघड्यावर ठेवू नका. नव्या खात्यावर आधी नोंदणी करा, मग जुन्याकडे वळा.

यूपीआयवर दिलेल्या ऑटोपेच्या परवानग्या अ‍ॅपमध्ये वेगळ्या दिसतात, त्याही पाहा. तिथेही वार्षिक वर्गण्या असतात. वार्षिक! पुन्हा पुन्हा सांगतोय, कारण घात तिथेच होतो.

मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापून घ्यायची परवानगी, आपोआप नव्या बँकेत येत नाही. तो तुम्ही विमा कंपनीला, फंडाला, कर्ज देणाऱ्याला जुन्या खात्यासाठी दिलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाकडे नवा भरून द्यावा लागतो. नोंद झाल्याच्या मेसेजवर थांबू नका. मासिक हप्ता नव्या खात्यातून एकदा गेलेला डोळ्यांनी पाहा. वार्षिक हप्त्यासाठी तेवढं थांबता येत नाही, म्हणून तिथे कंपनीकडून नवा खाते क्रमांक लागल्याची लेखी खात्री घ्या. तोवर जुन्या खात्यात पैसे राहू द्या. शिल्लक नाही म्हणून हप्ता परतला तर दंड बसतोच. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तक्रारही होऊ शकते, न वटलेल्या चेकसारखीच. दिलेले चेकही आठवा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, आणि एखादा माणूस तो शेवटच्या आठवड्यात भरतो.

येणाऱ्या पैशांचं पाहा. सरकारी अनुदान आधारला जोडलेल्या एकाच खात्यात येतं, ते जोडणं बदलून घ्या. प्राप्तिकराच्या परताव्यासाठी पोर्टलवर नवं खातं पडताळून ठेवा. लाभांशासाठी डीमॅटमध्ये, पीएफसाठी यूएएनमध्ये (पीएफच्या कायम क्रमांकाच्या नोंदीत) खाते क्रमांक बदला. हे सगळं एका दिवसात होत नाही, तेव्हा नोटीस पिरियड संपायची वाट पाहू नका.

मग शाखा. संयुक्त खातं असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, सगळ्यांना घेऊन जा. उरलेलं चेकबुक आणि कार्ड न्या. खातं उघडून वर्ष झालं नसेल तर शुल्क लागेल का, ते आधी विचारा. जुने उतारे त्याआधीच उतरवून ठेवा, नंतर नेट बँकिंग उघडत नाही. बंद केल्याचं लेखी घ्या. खाते क्रमांक आणि आयएफएससी जपून ठेवा, कारण त्या आर्थिक वर्षात खातं काही दिवस जरी चालू असलं तरी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं.