सौर पथदिवा बसवायचा कसा आणि टिकवायचा कसा

सौर पथदिवा बंद पडला की सगळे आधी दिव्याकडे बघतात. खरं तर एलईडी सहसा शाबूत असतो, उपाशी असते ती बॅटरी. त्यामुळे जागा ठरवतानाच पॅनेलला ऊन किती मिळेल हे बघायचं.

खांबाची खूण करण्याआधी त्या जागी सकाळी नऊला, भर दुपारी आणि तीनच्या सुमारास उभे राहा. सावली कुठून येते ते कळेल. पॅनेलमधले सेल माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून एखाद्या फांदीची सावली चार सेलवर पडली तरी चार्जिंगला मोठा फटका बसतो. हिवाळ्यात सावल्या लांबतात, हेही लक्षात ठेवा.

मग हिशोब. 20 वॅटचा दिवा 12 तास जळला की 240 वॅट-तास लागतात. मध्ये दोन दिवस ऊन पडलंच नाही, तर तीन रात्रींचे झाले 720. बॅटरी 80 टक्क्यांपर्यंतच रिकामी करायची, म्हणजे क्षमता 900 वॅट-तास हवी, 12.8 व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ती साधारण 70 अँपिअर-तास होते. रोज साडेचार तास पूर्ण ऊन आणि 30 टक्के घट धरली तर पॅनेल 76 वॅटचं पुरतं. पण ढगाळ दिवसांची तूटही भरून काढायची असते, म्हणून 100 वॅटचंच घ्या. खोक्यावर दिव्याचे वॅट ठळक छापलेले असतात. तुम्ही बॅटरीचे अँपिअर-तास विचारा.

पाया काँक्रीटचा करा. ओतताना खांब पकडणारे अँकर बोल्ट साच्यात घट्ट धरा, आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळा आणि निदान सात दिवस पाणी मारून मगच खांब चढवा. घाई नको, कारण वर लावलेलं पॅनेल वाऱ्यात शिडासारखं ओढ घेतं. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर जागाच बदला.

पॅनेलचं तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, पण विषुववृत्ताजवळही निदान 10 अंश ठेवा. सपाट पॅनेलवर धूळ आणि पाणी साचतं.

जोडणीत क्रम महत्त्वाचा. कंट्रोलरला, म्हणजे चार्जिंग आणि दिव्याची चालू-बंद सांभाळणाऱ्या यंत्राला, आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवा. सोडवताना नेमकं उलट. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार लेड-ॲसिड की लिथियम हे नीट निवडा. ती एक चूक बॅटरीचं आयुष्य खाते. वायर बॅटरी-कंट्रोलरच्या खोक्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल.

तपासायला रात्रीची वाट बघू नका. पॅनेलवर जाड गोधडी टाका, थोड्या वेळात दिवा लागला पाहिजे. बहुतेक कंट्रोलर पॅनेलच्या व्होल्टेजवरूनच अंधार ओळखतात. म्हणूनच शेजारच्या दिव्याचा उजेड पॅनेलवर पडला तर याला वाटतं अजून दिवसच आहे.

देखभाल फार नाही, पण नियमित हवी. पॅनेलची काच सकाळी थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका, भिजवून काढा. वर चढायचं तर शिडी धरायला दुसरा माणूस हवा. सहा महिन्यांतून एकदा खोकं उघडा. मुंग्यांना ती ऊबदार जागा फार आवडते. टर्मिनलचे स्क्रू आवळा. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा गंजाचा थर काढून पेट्रोलियम जेली लावा. मी एकदा अख्खी संध्याकाळ दिवा बदलण्यात घालवली, आणि सैल होता तो बॅटरीचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी.

दिवा संध्याकाळी नीट लागून मध्यरात्रीआधीच विझत असेल, तर लगेच नवी बॅटरी आणू नका. आधी काच धुवा, वाढलेली फांदी छाटा आणि तीन-चार दिवस कडक ऊन मिळू द्या. तरीही तेच झालं तर भर उन्हात पॅनेलची वायर सोडून मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टच्या पॅनेलवर 20 च्या आसपास आकडा दिसला, चार्जिंगही व्यवस्थित होतंय आणि दिवा मात्र लवकर विझतोय, तर मग बॅटरीच थकलीय.