ट्रॅव्हल्समध्ये चढण्याआधी ड्रायव्हरची झोप विचारा

माझी भाची पुण्यात खराडीला नोकरी करते. महिन्या-दीड महिन्याने लातूरला येते आणि परत जाताना मोबाइल माझ्यापुढे धरते. "मामा, यातली कुठली गाडी चांगली?" तिला वाटतं, एसटीत २८ वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला ट्रॅव्हल्सचं नाव बघूनच कळत असेल. नाही कळत. पडदा, चार्जिंग, पाण्याची बाटली, सगळं ॲपवर दिसतं. रात्री तीन वाजता टेंभुर्णीच्या पुढे जो माणूस गाडी हाकणार आहे तो शेवटचा कधी झोपला, ते दिसत नाही. आणि खरं तर तेवढंच बघायचं असतं. ते कसं बघायचं, हे तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी बुकिंग. स्टार बघू नका, ताज्या तक्रारी वाचा. 'एसी गार नव्हता' वगळा, 'ड्रायव्हर सारखा फोनवर' दिसलं की पुढची गाडी बघा. दिवाळीनंतरचा रविवार शक्यतो टाळा, कारण जादा गाड्या निघतात, ड्रायव्हर मात्र तेवढेच असतात. भाड्याचंही लक्षात ठेवा : एप्रिल २०१८च्या सरकारी निर्णयाप्रमाणे खाजगी गाडीला त्याच प्रकारच्या एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. बायकांना एसटीत मार्च २०२३पासून अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे भाचीला मी आधी रातराणीच, म्हणजे एसटीची रात्रीची गाडीच, सुचवतो. ती म्हणते, खिडक्या खडखडतात. खडखडतात खऱ्या.

आता झोपेचा हिशेब. लातूर-पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री दहाला निघालेला ड्रायव्हर पहाटे हडपसरला पोचतो, मग स्वारगेट, वाकड, निगडी करत माणसं उतरवतो. गाडी पार्किंगला लागेस्तोवर आठ. मग पार्सल उतरवा, गाडी धुवा. दुपारी मागच्या बर्थवर आडवा होतो, वर पत्रा तापलेला, बाहेर हॉर्न. संध्याकाळी सातला पिकअप परत सुरू. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१चा, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि एक ड्युटी संपल्यावर दुसरी लागेपर्यंत सलग नऊ तास सुट्टी सांगितली होती. आठ ते सात म्हणजे कागदावर अकरा तास भरतात. त्यात डोळा किती वेळ लागला, ते त्या बर्थलाच ठाऊक.

म्हणून गाडीवर पंधरा-वीस मिनिटं आधी जा. ड्रायव्हर बहुतेक चहाच्या टपरीवर असतो. "झोप झाली का हो?" असं थेट विचारलं की तो चिडतो, मीही चिडायचो. "काका, आज सकाळीच आलात का पुण्याहून?" एवढंच विचारा. "काल पण मीच, परवा पण मीच" असं उत्तर आलं तर समजून घ्या. मग विचारा, "जोडीला कोण आहे?" त्याने क्लिनरकडे बोट केलं तर ती डबल ड्रायव्हरची गाडी नव्हे, तिकिटावर काहीही छापलेलं असो. दारूचं विचारायची गरज नाही, हातभर अंतरावर उभं राहिलं की नाकाला कळतं. तसं असेल तर तिकिटाचे पैसे सोडून द्या. भाचीने एकदा सोडले होते, माझ्याकडून वसूल केले.

बोलता बोलता पुढच्या चाकाकडे नजर टाका. नवे टायर पुढे आणि रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले, मागे, ही आमच्या वर्कशॉपची जुनी रीत. पुढचा टायर फुटला की स्टेअरिंग हातात राहत नाही. टायरच्या कडेला गोल जोड दिसत असेल तर तो रिमोल्ड. टायरवर चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि विम्याची तारीख येते. नंबरप्लेट नागालँडची असली म्हणून घाबरू नका, ते टॅक्सचं गणित असतं. फिटनेस संपलेली असेल तर मात्र घाबरा.

आत गेल्यावर संकटकालीन दार कुठे आहे ते बघा, आणि ते उघडेल का तेही. कुठे त्याच्यापुढे पार्सलची पोती असतात, कुठे बर्थच ठोकलेला असतो. काच फोडायची हातोडी हाताने चाचपा, नुसतं रिकामं हुक असतं कधी कधी. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर जी ट्रॅव्हल्स जळाली, ती नेमकी दाराच्या बाजूला उलटली होती. २५ माणसं गेली. जे वाचले ते काच फोडून निघाले. स्लीपरमध्ये पाय पुढे, डोकं मागे करून झोपा, म्हणजे जोरात ब्रेक लागला तर आपटतात ते पाय.

रात्री दोन ते पाच हा वेळ वाईट. डुलकी म्हणजे डोळे मिटतात असं लोकांना वाटतं. माझ्या घरी बहिणीचं लग्न झालं, दोन रात्री जागलो आणि रजा न वाढवता ड्युटीवर गेलो. चूक माझीच. कुर्डुवाडीच्या पुढे माझे डोळे सताड उघडे होते, पण समोरची उसाची ट्रॉली दिसत नव्हती. दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, साधं रेडियमही नाही. कंडक्टरने दोरी ओढून घंटी टणटणवली तेव्हा कळलं. ट्रॉलीतलं उसाचं वाढं खिडकीला घासत गेलं, तो आवाज अजून कानात आहे. त्यामुळे कारखाने सुरू असतात त्या दिवसांत या रस्त्याला मी रात्रीपेक्षा पहाटेची गाडी पसंत करतो.

ट्रॅव्हल्सला कंडक्टर नसतो, क्लिनर घोरत असतो. तेव्हा घंटी तुम्हीच वाजवायची. चाकाखाली रस्त्यातले चमकणारे खुंटे टकटक वाजायला लागले, वेग कारण नसताना कमी-जास्त होऊ लागला, एसी चालू असून केबिनची काच खाली गेली, ब्रेक उशिरा आणि जोरात लागू लागले, की उठा आणि केबिनमध्ये जा. "काका, तुम्हाला झोप येतेय" म्हणू नका. तो नाही म्हणेल आणि ते दाखवायला अजून जोरात मारेल. "उलटी होतेय, थांबवा" म्हणा. गाडीत घाण व्हायला नको म्हणून कुठलाही ड्रायव्हर थांबतोच. पण रस्त्याच्या कडेला नको, ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर घ्यायला लावा. नाहीच थांबला तर ११२ लावा आणि गाडीचा नंबर सांगा. नंबरचा फोटो चढतानाच काढून ठेवा, रात्री आठवत नाही.

उतरलात की खरंच पाच मिनिटं रेंगाळा. त्याला तोंडावर पाणी मारू द्या, क्लिनरला उठवून केबिनमध्ये बसवायला सांगा. दोन चहा सांगा, एक त्याचा. पैसे तुम्ही द्या.