कात कधी पडते ते आधी बघा: मोल्टिंगच्या (कात टाकण्याच्या) संप्रेरकांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सीनंतर मी रेशीमअळीच्या कात टाकण्यावर काम सुरू केलं, तेव्हा संप्रेरक मोजणं हाच अवघड भाग असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात पहिलं अख्खं वर्ष गेलं ते अळीचं वय चुकीचं धरल्यामुळे. या विषयात नव्याने येणाऱ्याचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

साखळी वाचायला सोपी आहे. रेशीमअळीच्या मेंदूत दोन्ही बाजूंना मिळून चार चेतापेशी पीटीटीएच नावाचं न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशींतून सुटणारं लहान प्रथिनासारखं संप्रेरक, बनवतात. ते छातीतल्या प्रोथोरॅसिक ग्रंथीला कामाला लावतं, ग्रंथी इक्डायसोन सोडते आणि मेदपिंडासारख्या ऊतींमध्ये त्याचं २०-हायड्रॉक्सीइक्डायसोन होतं. कात टाकायला लावतं ते हे दुसरं रूप. कात टाकून पुन्हा अळीच राहायचं की प्युपा (कोषातली अवस्था) व्हायचं, हे मात्र ज्युवेनाइल हार्मोन त्या वेळी आहे की नाही यावर ठरतं.

इक्डायसोन मोजायला मी चौथ्या अवस्थेतल्या अळ्यांचं हिमोलिम्फ, म्हणजे कीटकाचं रक्त, रोज सकाळी दहाला काढायचे. एका ट्रेमधल्या दहा अळ्या, एक नळी. तीन बॅचेस केल्या आणि तिन्ही वेळा आलेख जवळजवळ सपाट. मोजणीच्या किटवर शंका घेतली, अँटिबॉडी बदलली, काही फरक नाही. पुढच्या अळ्या आणायला एका रेशीम उत्पादक काकांकडे गेले होते. त्यांनी रॅकवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, निम्म्या मोल्टवर बसल्यात, निम्म्या अजून खातायत. आता पाला टाकला तर पुढं सगळं मागंपुढं होईल." माझ्याही ट्रेमध्ये हेच चाललं होतं. तारीख एक, पण अळ्या आठ-दहा तासांनी पुढेमागे. इक्डायसोनची लाट काही तासांत चढते आणि उतरते. चढणारी, उतरणारी आणि अजून सुरूही न झालेली अळी एकाच नळीत ओतली की लाट पुसली जाते.

त्यानंतर माझा शून्य तास म्हणजे कात पडण्याची वेळ. दोन तासांच्या आत कात टाकलेल्या अळ्या ब्रशने वेगळ्या काढायच्या, त्यांना एकाच वेळी पाला द्यायचा आणि तिथून तास मोजायचे. उजेड-अंधाराच्या वेळाही रोज त्याच ठेवा, कारण पीटीटीएच सुटण्याची वेळ दिवस-रात्रीच्या चक्राशी बांधलेली असते.

डोळा तयार व्हायला दोन-तीन बॅचेस नुसत्या पाळाव्या लागतात. मोल्टवर बसलेली अळी पाय रोवून, डोकं वर उचलून निश्चल राहते. कात पडायच्या आधी जुन्या डोक्याच्या लगेच मागे एक लहानसा गडद त्रिकोण दिसतो. ते नवं डोकं. कात पडल्यावर डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटतं आणि कातडी सैल, सुरकुतलेली असते. टाकलेली कात पाण्याच्या थेंबात उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा. श्वसनरंध्रांपाशी बारीक धागे लोंबताना दिसतात. श्वासनलिकांचं आतलं अस्तरसुद्धा अळीने ओढून बाहेर टाकलेलं असतं. मला आजही ते बघताना थांबावंसं वाटतं.

हिमोलिम्फ काढताना नळी बर्फात ठेवा आणि तिच्यात काळं पडणं रोखणाऱ्या फिनाइलथायोयुरियाचे दोन-चार कण आधीच टाका, नाहीतर काही मिनिटांत द्रव काळा पडतो. एलायझाची (अँटिबॉडीने संप्रेरक मोजण्याच्या चाचणीची) अँटिबॉडी बहुधा इक्डायसोन आणि त्याचं सक्रिय रूप दोन्ही पकडते, त्यामुळे आकडा नेमका कशाचा आहे हे लिहून ठेवा.

जुने प्रयोग मात्र स्वतः करा. पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी १९१७ ते १९२२ च्या सुमारास जिप्सी पतंगाच्या अळ्यांना मध्येच दोरा बांधून दाखवलं, की ठरावीक वेळेआधी बांधलं तर फक्त पुढचा भाग प्युपा होतो. दोरा आणि अळ्या, एवढंच साहित्य, आणि मेंदूतून संप्रेरक सुटतं हे त्यातून दिसलं. मग १९५४ मध्ये बुटेनांट आणि कार्लसन या रसायनशास्त्रज्ञांनी ५०० किलो रेशीमप्युपांतून २५ मिलिग्रॅम इक्डायसोन शुद्ध करून काढलं. आज छोट्या बाटलीतून येणाऱ्या त्या पांढऱ्या पावडरीचं मोल त्यावरून समजतं.

पाला कुठून आला, ट्रेमध्ये कागद कोणता घातला, याचीही नोंद ठेवा. प्रागहून हार्वर्डला नेलेले एक प्रकारचे ढेकूण प्रौढच होईनात, पिल्लांचीच जादा अवस्था घेत राहिले. कारण निघालं बरण्यांत ठेवलेल्या कागदात: तो अमेरिकेतल्या बाल्सम फर झाडाच्या लगद्याचा होता आणि त्यात ज्युवेनाइल हार्मोनसारखं काम करणारं द्रव्य होतं. आपल्याकडे तुतीशेजारच्या शेतात पायरीप्रॉक्सीफेन हे ज्युवेनाइल हार्मोनसारखं काम करणारं कीटकनाशक फवारलं असेल तर तोच धोका. त्या पाल्यावरच्या अळ्या खात राहतात, पण कोष विणत नाहीत.

खेकड्यांकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट उलटी करून डोक्यात बसवावी. कीटकाचा मेंदू 'सुरू कर' म्हणतो, खेकड्याचा नेत्रदेठ 'थांब' म्हणतो. तिथल्या एक्स-अवयव आणि सायनस ग्रंथीतून मोल्ट रोखणारं न्यूरोपेप्टाइड सुटतं आणि इक्डायसोन बनवणाऱ्या वाय-अवयवाला दाबून ठेवतं. ते कमी झालं की इक्डायसोन वाढतं. आपल्याकडे गोड्या पाण्यातल्या बॅरिटेल्फुसा खेकड्यावर हे प्रयोग पूर्वीपासून होतात. पण देठ कापला म्हणजे फक्त मोल्टचा लगाम सुटला असं लिहू नका. रक्तातली साखर सांभाळणारं आणि अंडाशय रोखणारं संप्रेरकही त्याच देठात असतं. कोळंबीच्या हॅचरीत मादीचा एक देठ काढतात तो अंड्यांसाठीच. एवढं सगळं एका कात्रीने जातं, म्हणून काढलेल्या देठाचा अर्क परत टोचून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. बरेच पाय तुटलेला खेकडाही लवकर मोल्ट करतो, असे खेकडे प्रयोगात घेऊ नका.

शेवटी एक प्रयोग सुचवते, कारण मला हा विषय कळला तो याच्यामुळे. कात पडायच्या आधी २०-हायड्रॉक्सीइक्डायसोन खाली यावं लागतं, तेव्हाच कात टाकण्याची हालचाल सुरू करणारं इक्डायसिस ट्रिगरिंग हार्मोन सुटायची वाट मोकळी होते. मी त्रिकोण नुकता दिसू लागलेल्या सहा अळ्यांना २०-हायड्रॉक्सीइक्डायसोन टोचलं, सहांना नुसतं सलाइन. सलाइनवाल्या सहाही अळ्या कात टाकून पाल्याकडे सरकल्या. दुसऱ्या ट्रेमधल्या, संप्रेरक टोचलेल्या सहा अळ्या डोकं वर धरून तशाच बसल्या होत्या, मानेवरचा त्रिकोण स्वच्छ दिसत होता. मी स्टूल ओढून रात्रभर तिथेच बसले. पहाटे पहिलीच्या पाठीवरून आकुंचनाची एक लाट शेपटीकडून डोक्याकडे गेली.