पांढरी काठी आणि कोकणातली वाट : या चुका टाळा

जानेवारीत घरापासून एसटी थांब्यापर्यंत काठीवर बिनधास्त जाणारी अंध व्यक्ती जूनमध्ये त्याच वाटेवर गोंधळते. घरचे लगेच म्हणतात, "राहू दे, आम्ही सोडतो." तिथे शिक्षण थांबतं. खरं तर वाट शिकवताना पावसाळा कुणी हिशेबात धरलेलाच नसतो. पुढच्या बऱ्याच चुका त्यातून येतात.

काठीच चुकीची

आजोबांची आधाराची काठी किंवा तोडून आणलेला बांबू देऊ नका. ती वजन पेलते. पांढऱ्या काठीचं काम पुढची जमीन आधी चाचपायचं. रोजची चप्पल घालून सरळ उभं करा आणि जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या दोन बोटं वरपर्यंत माप घ्या. लांब ढांगा टाकणाऱ्याला ५ ते ७ सेंटिमीटर जास्त. आखूड काठीला खड्डा लागतो तोवर पाय त्यात गेलेला असतो.

काठी सारखी अडकून मूठ पोटात बसत असेल, तर टोक पाहा. बारीक टोक जांभ्याच्या (लाल सच्छिद्र दगडाच्या) भोकांत रुततं. कातळावर आणि पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) फिरतं जाड टोक बरं. घडीच्या ॲल्युमिनियम काठीचे सांधे खाऱ्या हवेने धरतात, त्यावर पांढरी भुकटी येते. आठवड्यातून एकदा सांधे उघडून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. तेल लावू नका, वाळू चिकटते. चालताना सांधे आपोआप सुटत असतील तर आतली रबरी दोरी सैल झाली आहे, ती बदला.

काठी फिरते, पण पायाशी जुळत नाही

मूठ बेंबीसमोर, हलवायचं फक्त मनगट. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकलेलं हवं, डाव्याला उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल आधीच तपासलेल्या जागी पडतं. फेर खांद्यांपेक्षा दोन्ही बाजूंना दोनेक बोटं रुंद, त्याहून जास्त नको. सतत एकाच खांद्याला धक्का लागत असेल तर मूठ मधून सरकली आहे. लय चुकली की चालता चालता सावरू देऊ नका, थांबवून पुन्हा सुरू करा.

डावी-उजवीकडे टेकवत जाण्याची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना शिकवताना अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी बसवली. सपाट रस्त्याला ती छान. आपल्याकडच्या खडबडीत, शेवाळलेल्या वाटेवर मात्र टोक न उचलता जमिनीवरून सरकवत न्यायला शिकवा. उचललेलं टोक मधली फट ओलांडून जातं, आणि शेवाळ टेकवून कळत नाही. सरकवताना खरखर अचानक थांबली की पुढे निसरडं आहे असं धरून पाऊल आखूड करायचं.

पावलं मोजायला लावणं

ही सगळ्यात हट्टी चूक. ओल्या वाटेवर पाऊल आपोआप लहान होतं, आणि कोरड्यात पाठ केलेला आकडा साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) अलीकडेच संपतो. पाखाडीच्या पायऱ्या तर एकसारख्या कधीच नसतात. उतरताना टोक पुढच्या पायरीच्या कडेपलीकडे धरावं. ते सपाटीला टेकलं तरी अजून एक पायरी उरलेली असू शकते, म्हणून शेवटचं पाऊल चाचपूनच.

आकड्याऐवजी न हलणाऱ्या खुणा द्या: गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा, बेड्याचा (आवाराच्या फाटकाचा) खांब, साकवाचा कठडा, मातीनंतर पायाखाली लागणारं डांबर. वास आणि आवाज जोडीला घ्या, एकटे नकोत. उदाहरणार्थ मासळी बाजाराचा वास: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा तो विरतो. वारा दुपारी समुद्राकडून येतो, पहाटे बहुधा जमिनीकडून. "तोंडावर वारा म्हणजे पश्चिम" हे सरसकट शिकवलं तर सकाळी माणूस उलटा जाईल. समुद्राची गाज पावसाळ्यात चहूकडून येते, तिच्यावर दिशा ठरवू नये. उलट पागोळ्या (छपराच्या कडेवरून पडणाऱ्या धारा) कामाच्या. त्यांची सरळ रेघ पडवी कुठे संपते ते सांगते, आणि ही खूण फक्त पावसातच मिळते!

छत्री

एक हात अडकतो, वर कापडावर थेंबांचा ताशा वाजतो आणि गाडी कळत नाही. रेनकोट घाला, पण टोपी कानांवर ओढू नका. पुढे झाप असलेली साधी टोपी आत घातली की तोंडावर पाणी येत नाही. जोराची सर असेल तर रस्ता ओलांडायचा नाही, थांबायचं.

कमरेच्या वरचं

काठीला लोंबती झावळी, पडवीचा खाली आलेला वासा, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, उघडं खिडकीचं दार यांपैकी काही कळत नाही. अशा जागी मोकळा हात खांद्याच्या उंचीवर, कोपरात थोडा वाकवून, तळवा बाहेर करून तोंडासमोर आडवा धरायला शिकवा. आणि झावळ्या वेळेवर उतरवा.

ओढत नेणं

अंध व्यक्तीचा दंड धरून ढकलू नका. तिने तुमच्या कोपराच्या वर धरावं, अर्धं पाऊल मागे राहावं. तुम्ही चढलात-उतरलात की तिला हातातूनच कळतं. अरुंद बांधावर तो हात पाठीमागे घ्या, ती तुमच्या मागे येईल.

एकदा शिकवलं की झालं

जूनअखेर पाऊस स्थिरावला की ठरलेली वाट पुन्हा सोबतीने चाला. ऑगस्टमध्ये परत एकदा, कारण गवत वाढून डांबराची कड झाकली जाते आणि खडी वाहून जाते. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या खळ्यात (अंगणात), बेड्याच्या तोंडाशी लागतात. त्या कुठे लावल्या ते रोज संध्याकाळी तोंडी सांगा, आणि गाडी लावणाऱ्याला गडग्याच्या कडेची वाट मोकळी ठेवायला सांगा.