ख्रिस्ती पुस्तकं शोधायची तर ‘धर्म’ लिहिलेल्या कपाटाकडे जाऊ नका

नागपुरात सदरमध्ये आमचा दहा-बारा ख्रिस्ती माणसांचा वाचनगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी उपासना आटोपली की चहा होतो आणि मग पुस्तक. पुस्तक ठरवून आणायचं काम चौदा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, ते अजून तिथेच आहे. विषय साधारण तीनच: विश्वास, कला आणि माणसांनी एकत्र राहणं. यावर बरं काही कुठे मिळेल असं कुणी विचारलं की शेजारचा हमखास सांगतो, ‘मोबाइलवर टाक ना, पहिली दहा येतील ती मागव.’ पहिली दहा मी मागवलेली आहेत. सहा सुविचारांच्या वह्या निघाल्या, तीन म्हणजे एकाच प्रवचनाची तीन मुखपृष्ठं, आणि दहावं अजून आलेलं नाही.

१. विषय नको, माणूस घ्या

दुकानात ‘श्रद्धा आणि सर्जनशीलतेवर काही आहे का’ असं विचारलंत तर समोरचा बिचारा जाड पुठ्ठ्याचं बायबल काढून देतो. नाव घेऊन जा. नाव सुचत नसेल तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, पण त्याआधी ते आपल्या नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, आणि नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती पडली ती राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. एक नाव हाती आलं की त्याला धरून पुढची पाच मिळतात.

२. कपाट ओळखा

खरी मेख इथे आहे, आणि मी इथे दोन वर्षं घालवली आहेत.

शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात मी तेव्हा दर शनिवारी जायचो. काउंटरवरचे काका मान वर न करता ‘धर्म, उजवीकडून तिसरं’ म्हणायचे. तिसऱ्या कपाटात गीतेवरची भाष्यं, ज्ञानेश्वरीच्या चार आवृत्त्या, धम्मपद आणि खालच्या फळीवर एक पवित्र शास्त्र, त्याच्यात कुणाचं तरी वीजबिल खूण म्हणून घातलेलं. बाकी ख्रिस्ती म्हणावं असं काही नाही. मी गटात येऊन जाहीर केलं की मराठीत या विषयावर काहीच नाही, इंग्रजीच वाचू. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘अरे, लक्ष्मीबाई कुठे ठेवल्यात त्यांनी?’

नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रांच्या कपाटात होती. अर्थात असणारच. पण मी तिथे पाहिलंच नव्हतं, कारण माझ्या डोक्यात ते ‘साहित्य’ होतं, ‘ख्रिस्ती पुस्तक’ नव्हतं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर वेगळं राहिलेली, मग परत आलेली, सोवळंओवळं एकेक करून स्वतःच्या हाताने सोडणारी ही बाई. निरनिराळ्या जातींची, गावांची माणसं एका चुलीवर कशी येतात, हे त्यात जितकं आहे तितकं मंडळीच्या जीवनावरच्या कुठल्याही भाषणात नाही. आणि हसू किती येतं!

तर नकाशा असा. ग्रंथालयं बहुतेक ड्युई पद्धतीचे, म्हणजे विषयवार ठरलेले आकडे वापरतात, तेव्हा काकांना त्रास न देता पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा बघा. २३० च्या आसपास ख्रिस्ती धर्मविचार. २४६ म्हणजे उपासनेतली कला, चित्रं, मूर्ती. २४८ ला वैयक्तिक भक्ती. सुविचारांच्या वह्या इथेच दाटीवाटीने उभ्या असतात, पुढे सरका. २५५ ला मठ, संघ, व्रतस्थ समाज. आणि मराठी साहित्य ८९१.४६ ला. निम्मा खजिना या शेवटच्या आकड्यात आहे. टिळकांची ‘अभंगांजली’ आणि ‘ख्रिस्तायन’ तिथे कवितेत. गोव्यात राहिलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ कधी कवितेत, कधी ‘प्राचीन मराठी’त. बाबा पदमनजींचं १८५७ चं ‘यमुनापर्यटन’ कादंबरीत, कारण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. पंडिता रमाबाई हमखास ‘स्त्री-अभ्यास’ नाहीतर ‘समाजसुधारक’ या पाटीखाली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते तिथल्याच बायकांनी छापखान्यात जुळवून छापलं. विश्वास, निर्मिती आणि समूह हे तिन्ही एका छताखाली, आणि ग्रंथालयाच्या लेखी ते ‘समाजसुधारणा’.

आता शब्द. सूचीत ‘चर्च’ टाकून शोधलंत तर इमारतींचे फोटो मिळतील. प्रॉटेस्टंट मराठीत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, कॅथलिक लिखाणात ‘ख्रिस्तसभा’. एकीकडे ‘पाळक’, दुसरीकडे ‘धर्मगुरू’. आमच्याकडे ‘विश्वास’, त्यांच्याकडे ‘श्रद्धा’ जास्त भेटते. ‘सर्जनशीलता’ हा शब्द तर जुन्या पुस्तकांच्या नावांत मला एकदाही दिसलेला नाही. तिथे कीर्तन, गायन, ओवी, अभंग असे शब्द शोधा. आत्मकथनाला ‘साक्ष’. शिवाय ख्रिस्त, ख्रीस्त, क्रिस्त ही तिन्ही लेखनं टाकून पाहा. मी फक्त पहिलं टाकत होतो, म्हणून स्टीफन्सबाबा माझ्यापासून आणखी वर्षभर लपून राहिले.

स्टीफन्सबद्दल एक इशारा, कारण उत्साहाने आणून टेबलावर सोडून दिलेलं पुस्तक हेच. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं ते रोमन लिपीत, आणि १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. नेटवर फुकट सापडते ती बहुधा ही. रोमन अक्षरांत चारशे वर्षांपूर्वीची मराठी वाचायला बसलात तर तिसऱ्या ओवीला डोकं धराल. देवनागरी प्रत शोधा. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्याहून काढलेली आहे, नंतरच्याही आहेत. आणि मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, सगळ्या वाचायच्या नसतात. आम्ही एका बैठकीला चाळीस म्हणतो.

नागपुरात पाय कुठे वळवायचे? सिव्हिल लाईन्समध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालय आहे. १९१४ पासूनची ही देशपातळीवरची संस्था आपल्या गावात आहे हे निम्म्या नागपूरला माहीत नाही. त्यांच्या ‘एनसीसी रिव्ह्यू’चे जुने अंक चाळायला मिळाले तर पुस्तकांची नावं तिथून वहीत उतरवा. १८८३ चं हिस्लॉप कॉलेज आणि सेमिनरी हिल्सला ते नाव जिच्यामुळे पडलं ती सेंट चार्ल्स सेमिनरी (सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा), दोन्ही जागा अभ्यासाच्या आहेत. बाहेरच्याने आधी रीतसर विचारून, ओळखीच्या पाळकांची किंवा फादरांची चिठ्ठी घेऊन जावं. उठसूट दारात उभं राहू नये, मी राहिलो होतो आणि वॉचमनने मला पाणी पाजून परत पाठवलं.

सीताबर्डीतल्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर मात्र कुणाची चिठ्ठी लागत नाही. तिथे एक गोष्ट बघा: पहिल्या पानावरचा शिक्का. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी ती आपल्या यवतमाळात होती. त्या काळात तिथे शिकलेल्या-शिकवलेल्या माणसांची कपाटं विदर्भभर पसरली आणि आता त्यांची मुलं-नातवंडं ती रद्दीत काढतात. इंजिनीअरिंगच्या गाइडांखालून मी जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरचं ‘लाइफ टुगेदर’ ६० रुपयांना काढलं. आत जांभळ्या शाईत ‘यवतमाळ’ आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, ‘हे आमच्या मेसला लागू’.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथेही जा. ख्रिस्ती माणसाने तर जाच. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक प्रकरण आहे: जात सोडून मंडळीत आलेल्याला मंडळीने काय दिलं? समूहावर इतका बोचरा मजकूर आमच्या गटाने दुसरा वाचलेला नाही. त्या बैठकीत चहा तसाच थंड झाला.

३. दहा मिनिटं उभ्याने वाचा

मुखपृष्ठ, मागचा मजकूर, प्रस्तावना सोडा. एकत्र राहण्यावरचं पुस्तक असेल तर भांडण शोधा. स्वयंपाक कुणी करायचा, पैसे कुणाकडे, सोडून कोण गेलं, यातलं काहीच आलं नसेल तर लेखक एक तर एकटा राहतो किंवा खोटं बोलतो. बोनहोफर पहिल्याच प्रकरणात सांगतो की समूहाच्या आपल्या स्वप्नावर समूहापेक्षा जास्त प्रेम करणारा माणूस समूह मोडतो. १९३९ चं पुस्तक, आणि ज्या छुप्या सेमिनरीतल्या एकत्र राहण्यावर ते उभं आहे ती तोवर हिटलरच्या गेस्टापो पोलिसांनी बंद केली होती. त्याला असं बोलायचा हक्क आहे.

कलेवरचं असेल तर लेखकाने स्वतः काही घडवलंय का ते पाहा. डोरोथी सेयर्स नाटकं आणि रहस्यकथा लिहायची, म्हणून तिचं ‘द माइंड ऑफ द मेकर’ टिकतं. आपल्याकडे ज्योती साही चित्रकार आहेत, त्यांचं लिहिणं वाचताना हाताला रंग लागलेला कळतो. उलट ‘देव हा थोर कलाकार आहे’ या एका वाक्यावर दोनशे पानं भरणारे पुष्कळ आहेत. ते पुस्तक जिथून घेतलं तिथे ठेवा.

आणि लेखकाचं पुढे काय झालं ते शोधा. मतिमंद माणसांसोबत एकत्र राहणाऱ्या ‘लार्श’ या संस्थेचा संस्थापक ज्याँ व्हानिए, त्याचं ‘कम्युनिटी अँड ग्रोथ’ आमच्या गटाने भारावून वाचलं होतं, दोन जणांनी प्रती वाटल्याही. २०१९ मध्ये तो वारला आणि २०२० मध्ये त्याच्याच संस्थेने चौकशी करून जाहीर केलं की त्याने स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. पुस्तक फेकायचं की ठेवायचं यावर आमच्यात दोन तट पडले. मी माझी प्रत ठेवली आहे, पण आता कुणाच्या हातात देत नाही. संस्थापकाने स्वतः लिहिलेल्या पुस्तकावर विसंबू नका, त्याच्यासोबत राहिलेल्यांचंही वाचा. टिळकांच्या बाबतीत आपलं नशीब थोर, बायकोनेच लिहून ठेवलंय, आणि नवऱ्याला कुठे सवलत दिलेली नाही.

४. विकत घेताना

‘स्मृतिचित्रे’ घेताना ‘संपूर्ण’ लिहिलंय का बघा, संक्षिप्तही फिरते. जुन्या पुस्तकांचे स्कॅन छापून विकणाऱ्यांपासून लांब राहा: मी ७०० रुपये मोजून मागवलेल्या एका प्रतीत सोळा पानं कोरी होती आणि चार ठिकाणी स्कॅन करणाऱ्याचा अंगठा छापला होता. तेच पुस्तक नेटवर फुकट होतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ सगळीकडे मिळतं. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक चर्चच्या टेबलावर मिळतं, त्यात टिळकांची पुष्कळ गीतं आहेत, आणि इतक्या कमी पैशांत इतकी कविता दुसरीकडे मिळणार नाही. मासिकांमध्ये १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’ आणि कॅथलिकांचं ‘निरोप्या’. वर्गणी भरा, बस.

इंग्रजी पुस्तकं आयात प्रतीत घेऊ नका. आधी दिल्लीची आयएसपीसीके, चेन्नईची सीएलएस आणि आणंदची गुजरात साहित्य प्रकाश या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांच्या याद्या बघा. अँथनी डिमेलोंचं ‘साधना’ मुळात आणंदहूनच निघालं होतं.

५. ठेवणं आणि देणं

पावसाळ्याआधी एकदा सगळी खाली काढा, वाळवी बघा, कडुनिंबाचा पाला घाला. उसन्या दिलेल्याची वही ठेवा. आणि ‘स्मृतिचित्रे’च्या दोन प्रती घ्या, एक मावशींकडे गेली की परत येत नाही.