ट्रायल्सचा वैताग आलाय? मग एकदा रेडला या (आणि पहिला रेड कसा करायचा ते)

दर शुक्रवारी रात्री साडेदहा वाजले की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज पडायचा, "ट्रायल्स?" आणि दर शुक्रवारी मी हो म्हणायचो, आणि पहाटे अडीचला हेडफोन गादीवर आपटून झोपायचो. डेस्टिनी २ या ऑनलाइन शूटिंग गेममधलं ट्रायल्स ऑफ ओसायरिस ज्यांनी खेळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तीन विरुद्ध तीन, एकही न हरता सात मॅच मारल्या की फ्लॉलेस, मग तेव्हा लाइटहाउसला, म्हणजे खास बक्षिसं मिळतात तिथे, एंट्री मिळायची. सहा जिंकून सातवीत आपटलो की जो काय डोक्याचा भुगा होतो ना, त्यावर औषध नाय.

मग एका मित्राने ओढून रेडला, म्हणजे सहा जणांनी मिळून गेममधल्या बॉसला हरवायच्या मोहिमेला, नेलं आणि तिकडेच रमलो. आता लोक विचारतात की बाबा तुला पीव्हीपी (माणसांनी माणसांविरुद्ध खेळायचं ते) का नको झालं, घाबरतोस का, म्हणून एकदाच लिहून टाकतो, आणि सोबत पहिला रेड कसा करायचा तेपण सांगतो.

साधा हिशोब बघा. ट्रायल्सच्या मॅचमध्ये माणसं किती, सहा. मॅच संपली की तीन खूश आणि तीन वैतागलेले, सहाच्या सहा खूश असं कधीच होत नाय, होऊच शकत नाय. रेडमध्येपण माणसं सहाच. पण तिथे एकतर सहाही नाचतात नाहीतर सहाही मरतात. समोरच्या पोराने चांगला शॉट मारला तर ट्रायल्समध्ये तुमच्या तोंडातून शिवी निघते, रेडमध्ये तोच शॉट मारला तर तुम्ही "अरे वा भावा" म्हणता. शॉट तोच, माणूसपण तोच, फक्त तो कुठल्या बाजूला उभा आहे एवढाच फरक.

दुसरं म्हणजे पिंग, नेटमुळे होणारा उशीर. घरचं वायफाय, त्यात घरातलं कुणीतरी शेजारच्या खोलीत मालिका बघतंय, आणि समोरचा पोरगा कुठल्या देशातून खेळतोय काय माहीत. आपण भिंतीमागे जाऊन बसलो तरी मरतो. बॉसचं तसं नसतं, तो मोठा हल्ला करायच्या आधी बऱ्यापैकी इशारा देतो आणि अर्ध्या सेकंदाच्या लॅगने सहसा जीव जात नाही. आणि बॉस बदलत नाय हो! मागच्या मंगळवारी जे करत होता तेच या मंगळवारी करणार, म्हणजे तुम्ही जे शिकलात ते वाया जात नाही. पीव्हीपीमध्ये एका अपडेटने तुमची लाडकी गन भंगारात जाते आणि परत शून्यापासून सुरुवात.

प्रत्येकाची खेळायची मजा वेगळी असते, हे काही मी शोधलेलं नाय. रिचर्ड बार्टल म्हणून एक गृहस्थ आहेत, ज्यांनी रॉय ट्रबशॉसोबत १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स युनिव्हर्सिटीत मड नावाचा, नुसत्या अक्षरांवर चालणारा ऑनलाइन गेम बनवला, त्यांनी १९९६ मध्येच लिहून ठेवलंय की प्लेअर चार जातीचे असतात आणि त्यांना पत्त्यांची नावं दिली. बक्षिसं गोळा करणारे ते चौकट, कोपरे धुंडाळणारे इस्पिक, गप्पा मारायला येणारे बदाम, आणि दुसऱ्याला छळण्यात मजा घेणारे किलवर. मी बदाम आहे, थोडा इस्पिक. किलवरच्या टेबलावर दोन वर्षं उगाच बसलो होतो.

आता कामाचं. पहिला रेड म्हणून व्हॉल्ट ऑफ ग्लास घ्या. हा मूळ डेस्टिनीचा पहिलाच रेड, सप्टेंबर २०१४ मधला, आणि मे २०२१ मध्ये तो डेस्टिनी २ मध्ये परत आणला तेव्हा विकतच्या एक्सपान्शनशिवाय सगळ्यांना खुला ठेवला. जुना असल्यामुळे शिकवणारे ढिगाने मिळतात. अशा शिकवणाऱ्याला डेस्टिनीत शेर्पा म्हणतात, नाव हिमालयातूनच उचललंय, कारण कामही तेच, नवख्याला सांभाळून वर न्यायचं. शेर्पा शोधायला गेममध्येच फायरटीम फाइंडर आहे (२०२३ च्या शेवटी आलं, त्याआधी बाहेर डिस्कॉर्डवर भीक मागत फिरावं लागायचं). एक गोष्ट बघून घ्या, ज्या पोस्टवर केडब्ल्यूटीडी लिहिलेलं असतं तिथे नवख्यांनी जाऊ नये. त्याचा अर्थ काय करायचं ते ज्यांना माहितीये त्यांनीच या. मी पहिल्यांदा न कळता घुसलो होतो, दहा मिनिटांत हाकललं, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

माइक लागतोच. इयरफोनच्या वायरवरचा साधा माइकपण चालतो, पण मुकं राहून रेड होत नाय. आणि तीन तास मोकळे ठेवा, जेवून बसा, घरी सांगून ठेवा. आमचा एक जण ऐन बॉसच्या वेळी "आई बोलवतेय, दोन मिनिटं" म्हणून गेला तो पोळी-भाजी खाऊन अर्ध्या तासाने आला, पाच जण बसलो होतो त्याच्या नावाने बोटं मोडत.

माइक का लागतो ते ऑरॅकल्सला कळतं. ऑरॅकल म्हणजे चमकणारे गोळे, सात ठरलेल्या जागा असतात, डावीकडे तीन, मधे एक, उजवीकडे तीन. पहिल्या फेरीत तीन गोळे दिसतात, मग चार, असं करत शेवटच्या फेरीत सातही. प्रत्येक गोळा दिसताना टुंग करून वाजतो, तो क्रम दोनदा दाखवतात, आणि मग अगदी त्याच क्रमाने ते फोडायचे. क्रम चुकला की सगळी टीम खलास. जागा सात, माणसं सहा, म्हणजे कुणीतरी दोन सांभाळणार. आणि हे सगळं चालू असताना मागून शत्रू गोळ्या घालतच असतात.

यात नवखा काय चूक करतो, तर सातही गोळ्यांचा क्रम पाठ करायला जातो. तसं करू नका. तुमची एक जागा घ्या, समजा डावीकडची दुसरी, आणि ती कितव्या नंबरला वाजली एवढंच लक्षात ठेवा. तिसरी वाजली तर माइकवर "डावा दोन, तीन नंबर" एवढंच बोला आणि गप्प बसा. दोन गोळे फुटले की तुमचा फोडा. लांबून मारायचं असतं म्हणून स्काउट रायफल जवळ ठेवा, शॉटगन घेऊन आलात तर गोळ्याला नमस्कार करून परत यावं लागेल. आमच्याकडे हे सगळं मराठीतच चालायचं, "मधला एक! उजवा तीन दोनला!" मग हैदराबादचा एक जण आला आणि आम्ही इंग्रजीत एल वन, आर थ्री करायला गेलो तर आमचेच लोक गडबडले, शेवटी तोच म्हणाला मराठीतच बोला, मी शिकतो. दोन वाइपनंतर (सगळी टीम मेली की वाइप) तो "डावा एक" असं आमच्यापेक्षा स्पष्ट बोलत होता.

मधे गॉर्गन नावाच्या शत्रूंचा भूलभुलैया लागतो. तिथे शहाणपणा नको, शेर्पाच्या मागून दिंडीसारखं एका रांगेत चालायचं. एकालाही गॉर्गनने बघितलं तर सगळ्यांचं काउंटडाउन सुरू. मग शेवटी एथिऑन, इथला शेवटचा बॉस. तो तिघांना दुसऱ्याच काळात फेकून देतो, बाहेर राहिलेल्या तिघांना गोळ्यांचा क्रम दिसतो पण फोडता येत नाही, आतल्यांना फोडता येतात पण क्रम कळत नाही. म्हणजे ओरडून सांगण्याशिवाय पर्यायच नाय. तुमचा नेम कितीही भारी असू दे, इथे बाहेरच्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा.

वाइप होणार, पंधरा-वीस वेळा होणार. मेलात की लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका, "मी मेलो, डावीकडे" एवढं पुरे, म्हणजे कुणीतरी जागा घेईल. आणि कुणाच्या चुकीवर खेकसणारा माणूस टीममध्ये असला तर निमूट बाहेर पडा, तसंच ऐकायचं असतं तर ट्रायल्स काय वाईट होतं. रात्री उशीर झाला तर थांबा, चेकपॉइंट राहतो, त्याच आठवड्यात बॉसपासून पुढे चालू करता येतं. फक्त आपल्याकडच्या मंगळवारी रात्री साडेदहाला रिसेट होतो, त्याच्या आत उरका.

लूटवरून भांडणं नाहीत, ज्याला त्याला आपापलं मिळतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात मोल्टन कोअर नावाच्या रेडला चाळीस माणसं लागायची आणि बॉसकडून वस्तू पडायच्या मोजून दोन-चार, मग पॉइंटांची वही ठेवून वाटप. त्या मानाने आपण सुखात आहोत.

सगळ्यांनाच हे जमेल असं नाय. ज्याच्याकडे रोज वीस मिनिटंच आहेत त्याने खुशाल क्रूसिबल (डेस्टिनीचं साधं पीव्हीपी) खेळावं, दोन मॅच मारून उठता येतं. रेडमध्ये एक माणूस उठला की पाच अडकतात. माझी लाइट एकदा ऐन एथिऑनला गेली, मोबाइल डेटावरून सॉरी टाइप करेपर्यंत ते मेले होते.

तरी यायचंच असेल तर पोस्टमध्ये फार काही लिहू नका. "व्हॉल्ट ऑफ ग्लास, पहिल्यांदाच, माइक आहे, रात्री दहा ते एक, शेर्पा पाहिजे, ऑरॅकल्सला एकच जागा द्या." मला तेवढ्यावर पाचव्या मिनिटाला माणसं मिळाली होती.