रायफलची काडतुसं घरी भरताय? पावडर आणि गोळी निवडताना या चुका टाळा

घरी भरलेल्या काडतुसानं घोटाळा केला की मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत निघते: नाव तेच, वजन तेच, म्हणजे वस्तू तीच. ही समजूत स्वयंपाकघरात चालून जाते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांचा दाब तयार होतो, तिथे ती चालत नाही.

आधीच स्पष्ट करतो, पुढचं सगळं अमेरिकेतलं आहे. तिथे शिकारीचा परवाना रीतसर मिळतो आणि स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरणं हा जुना, उघड छंद आहे. नोव्हेंबरमध्ये तिथल्या मित्रांबरोबर हरणांच्या मोसमाला जाणारे मराठी लोकही आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा विषय मिटवला, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे हे वाचून इथे कुणी हात शिवशिवू देऊ नयेत. या लेखात एकही मात्रा, म्हणजे किती ग्रेन (वजनाचं अगदी छोटं एकक) पावडर, दिलेली नाही. ती पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यायची, कुणाच्या लेखातून नाही, मित्राच्या वहीतून तर नाहीच.

पावडर आधी, गोळी नंतर

२०२० नंतरच्या पावडरच्या टंचाईत ही सवय फार पसरली. दुकानात जो डबा दिसला तो उचलायचा आणि मग त्यात काय बसतं ते शोधायचं. क्रम उलटा हवा. जनावर कोणतं, किती लांबून, आपल्या रायफलच्या नळीचा पीळ किती (म्हणजे आतल्या चक्राकार खाचा, आट्या, किती इंचांत एक फेरा घेतात), यावरून गोळी ठरते. गोळी ठरली की तिच्या वजनावरून आणि पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) पोटावरून पावडर ठरते. .३०-०६ या मापाच्या काडतुसात १५० ते १८० ग्रेनच्या गोळीला ४३५० नावाची पावडर नेहमीची, .३०८ विंचेस्टरला व्हारगेट किंवा ४०६४, .२७० ला ४८३१. ही नावं वर्षानुवर्षं तक्त्यांत वर राहिली त्याला कारण आहे. नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी, वेगळेपणाच्या नादी लागू नये.

कागदावर भोक छान पडतं म्हणून गोळी शिकारीची होत नाही

नेमबाजीची गोळी नेमक्या जागी जाण्यासाठी बनवलेली असते, आत गेल्यावर तिचं काय व्हावं याचा विचार तिच्यात नसतो. सिएरा कंपनी आपली मॅचकिंग गोळी शिकारीसाठी नाही असं स्वतःच सांगते. तरीही शंभर यार्डांवर तीन भोकं एका नाण्याखाली झाकली गेली की माणसाला मोह होतो. ती गोळी हरणात कधी फुटते, कधी सुईसारखी आरपार जाते, आणि जखमी जनावर मैलभर पळतं.

पूर्ण तांब्याच्या वेष्टनातली लष्करी गोळी तर आणखी चुकीची. ती उमलू नये म्हणूनच तशी असते. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात टोक उघडं ठेवलेली, आत शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेनं युद्धात अशा गोळ्यांना बंदी घातली. शिकारीत न्याय उलटा आहे. जनावर लवकर मरावं यासाठी गोळी उमलायलाच हवी, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणांसाठी न उमलणारी गोळी वापरायला मनाई आहे.

गोळी किती मऊ, किती कडक, हा यातला खरा प्रश्न. प्रेअरी डॉगसारख्या छोट्या प्राण्यांसाठी बनवलेली पातळ कवचाची गोळी हरणाच्या खांद्यावर लागली तर वरच्यावर फुटते. दुसऱ्या टोकाला, एल्क या थोराड हरणासाठी बनवलेली कडक गोळी लांबच्या लहानशा व्हाइटटेल हरणाला लागली तर न उमलता निघून जाते. गोळ्या बनवणारे जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसनं, म्हणजे प्रचंड आकाराच्या हरणानं, हाच धडा दिला. चिखलात माखलेल्या त्या जनावरावर त्या काळच्या गोळ्या आत न शिरताच फुटत होत्या. त्यातून पुढे पार्टिशन गोळी आली. मध्ये तांब्याची भिंत, पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. ती अजून विकली जाते.

म्हणून कंपनी त्या गोळीसाठी किमान किती वेग सांगते ते पाहा. बऱ्याच शिकारी गोळ्यांना उमलायला सेकंदाला साधारण १८०० फूट वेग लागतो, आणि तो नळीच्या तोंडाशी नाही, जनावरापाशी. तक्त्यातला वेग बहुधा २४ इंची नळीचा असतो. तुमची नळी २० इंची असेल तर हिशेब तिथूनच कमी करून धरा.

तांब्याची गोळी शिशाच्या तक्त्यावर

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. शिकाऱ्यांनी सोडलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती, हे त्यामागचं मोठं कारण. तेव्हापासून अनेकांनी संपूर्ण तांब्याच्या गोळ्या घेतल्या आणि १५० ग्रेनच्या शिशाच्या गोळीची जुनी मात्रा १५० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीमागे भरली. वजन तेच होतं ना!

तांबं शिशापेक्षा हलकं आहे. त्याच वजनाची तांब्याची गोळी त्यामुळे लांब होते. बाहेरची लांबी मॅगझिननं बांधलेली, म्हणजे वाढलेली लांबी पुंगळीच्या आत जाते आणि पावडरची जागा खाते. जागा कमी, दाब जास्त. शिवाय तांबं नळीच्या आट्यांत शिरताना वेगळं वागतं. तांब्याच्या गोळीला तिचाच तक्ता लागतो. आणि तिचं वजन एक पायरी खाली घेतलं तरी चालतं, कारण ती तुटून वजन गमावत नाही. माझ्या मते हरणांसाठी .३०८ मध्ये १८० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही.

नळीचा पीळ न बघता जड गोळी घेणं

१९५५ साली दोन काडतुसं जवळजवळ एकाच वेळी बाजारात आली, .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन. दोघांची गोळी एकाच व्यासाची. विंचेस्टरनं दर १० इंचांना एक फेरा असा पीळ दिला, रेमिंग्टननं १२ इंचांना एक. लोकांना एकाच रायफलीत हरणांसाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती आणि रेमिंग्टनच्या संथ पिळावर त्या वजनाच्या लांब टोकदार गोळीचा भरवसा वाटेना. .२४४ मागे पडलं. १९६३ मध्ये तेच काडतूस ९ इंची पीळ देऊन ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नावानं पुन्हा आणलं, पण तोवर बाजार .२४३ कडे गेला होता.

पिळाला गोळीच्या वजनापेक्षा तिच्या लांबीशी जास्त देणंघेणं असतं. म्हणून तांब्याची किंवा लांब शेपटीची गोळी घेताना डब्यावर लिहिलेला किमान पीळ वाचा. निशाणावर गोल भोकाऐवजी चावीच्या भोकासारखं लांबट छिद्र पडलं तर गोळी आडवी होऊन जाते आहे. पावडर बदलून हे सुटत नाही, आखूड गोळी घ्यावी लागते.

व्यासाचाही असाच गोंधळ. .२७० च्या गोळीचा व्यास .२७७ इंच असतो, .३०-०६ चा .३०८, .३०३ ब्रिटिशचा .३११ च्या आसपास. सगळ्यात नाजूक प्रकरण जुन्या ८ मिमी माउझरचं. १८८८ ची जर्मन नळी .३१८ इंची गोळीची, १९०५ नंतरची .३२३ ची. आजोबांनी युद्धातून आणलेली रायफल असेल तर नळीचं माप बंदूकसाजाकडून काढून घ्या आणि मगच गोळी विकत घ्या. अमेरिकी कारखाने हे काडतूस मुद्दाम सौम्य भरतात ते याच भीतीनं.

लिव्हरच्या .३०-३० मध्ये नळीसारखं मॅगझिन असतं आणि एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्राइमरला (बुडातल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीला) टेकतं. तिथे टोकदार गोळी चालत नाही. सपाट टोकाची घ्या, किंवा हॉर्नडी कंपनीची मऊ रबरी टोकाची.

डब्यावरचं नाव अर्धवट वाचणं

यात माणसं खरोखर जखमी झाली आहेत. हॉजडन कंपनीची एच३८० ही रायफलची पावडर आहे आणि त्याच कंपनीची एचपी-३८ ही पिस्तुलाची, झपाट्यानं जळणारी. रायफलच्या पुंगळीत तिची रायफलच्या मापानं मात्रा गेली तर रायफल फुटू शकते. हॉजडनची एच४८३१ आणि आयएमआर या दुसऱ्या छापाची ४८३१ यांचे आकडे एक, पण आयएमआरची जास्त लवकर जळते. हॉजडन कंपनीचे संस्थापक ब्रूस हॉजडन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी शिल्लक म्हणून ४८३१ विकायला सुरुवात केली. त्या जुन्या, मंद पावडरच्या मात्रा घरोघरच्या वह्यांत आजही आहेत. त्या आयएमआरला लावल्या की दाब वर जातो. ४३५० च्या एच, आयएमआर आणि ॲक्युरेट या तीन पावडरींनाही एकमेकींचे तक्ते चालत नाहीत.

गंमत म्हणजे उलटही होतं. एच४८३१ आणि एच४८३१एससी यांत फक्त दाण्याची लांबी वेगळी, मात्रा एकच. एच११० आणि विंचेस्टर २९६ ही तर एकच पावडर, दोन डब्यांत. म्हणजे नावावरून काहीच ताडता येत नाही, तक्ता बघायलाच हवा.

कोणती पावडर किती लवकर जळते याची लांब यादी सगळीकडे मिळते. ती फक्त क्रम सांगते. दोन शेजारी नावांमधलं अंतर त्यातून कळत नाही. तिच्यावरून मात्रा ठरवणं म्हणजे शर्यतीतले क्रमांक बघून कोण किती सेकंदांनी जिंकलं हे सांगण्यासारखं आहे.

निवडीला पर्याय असतील तर पुंगळी बरीचशी भरणारी पावडर घ्या. दुप्पट मात्रा चुकून पडली तर ती बाहेर सांडते, दिसते. आणि धक्का कमी व्हावा म्हणून मंद पावडरची मात्रा तक्त्याच्या खाली नेऊ नका. मोठ्या पुंगळीत थोडी मंद पावडर कधी उशिरा पेटते, कधी दाब अचानक उसळतो. मुलांसाठी सौम्य काडतूस हवं असेल तर हॉजडन एच४८९५ च्या बाबतीत कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायला मुभा देते. ती सवलत त्या पावडरपुरतीच.

एम१ गॅरंड ही .३०-०६ चीच रायफल, पण तिचा बोल्ट नळीतल्या वायूवर चालतो. तिला ४८९५ किंवा ४०६४ लागते. बोल्ट-ॲक्शनसाठी (बोल्ट हातानं मागेपुढे करायच्या रायफलसाठी) उत्तम असलेली मंद ४८३१ वायूच्या छिद्रापाशी जास्त दाब ठेवते आणि बोल्ट मागे ढकलणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. काडतूस तेच, रायफल वेगळी.

हवामानाचं थोडक्यात: जानेवारीच्या थंडीत कमाल मात्रेपर्यंत चढवलेलं काडतूस टेक्सासच्या उन्हात, गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवरून उचलून झाडू नका.

टेबलावरच्या चुका

टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मापकातली पावडर त्याच डब्यात, त्याच दिवशी. नाव नसलेली पावडर फेकायची. हाताला दाणे ओळखीचे वाटतात, तरी फेकायचीच.

काट्याचं एकक दर वेळी बघा. आपल्याला ग्रॅमची सवय, इथे सगळं ग्रेनमध्ये. ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रॅम १५.४३ ग्रेनचा. स्वस्तातला सोनारी काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे ०.१५ ग्रेन. कमाल मात्रेच्या जवळ काम करायला तो पुरत नाही.

लष्करी ७.६२ च्या पुंगळ्या .३०८ मध्ये वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यांची भिंत बहुधा जाड असते, पोट लहान असतं. मात्रा कमी करून पुन्हा वर यायचं. साध्या प्राइमरऐवजी जास्त जोरदार मॅग्नम प्राइमर लावला तरी हेच.

काहीतरी बिनसलं, आता काय?

बोल्ट उचलायला जड जातोय, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा आलाय: दाब जास्त आहे, थांबा. “एवढी वीस संपवून टाकू” हा विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो. चपटा प्राइमर एकटा फारसं सांगत नाही. काही प्राइमर मुळात मऊ असतात, आणि कधी दाब धोक्याच्या वर जाऊनही प्राइमर गोलच राहतो. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ जास्त भरवशाचा. तेवढ्याच नळीतून तक्त्यापेक्षा जास्त वेग मिळाला तर तो फुकट आलेला नाही, दाबातून आला आहे.

पुंगळीच्या अंगावर काजळी, नळीत न जळलेले दाणे: दाब कमी. पावडर फार मंद आहे किंवा मात्रा फार खाली आहे.

काडतूस चेंबरमध्ये अडतंय: पुंगळी लांबली असेल. .३०-०६ ची कमाल लांबी २.४९४ इंच. लांब मान चेंबरच्या तोंडाशी गोळीला चिमटते आणि दाब वाढवते, म्हणून ठोकून बसवू नका, कापा. गोळीच आट्यांना टेकत असेल तर ती थोडी आत बसवा. तांब्याच्या गोळीला तर आट्यांपासून अंतर आवडतं, तांब्याच्या गोळ्या बनवणारी बार्न्स कंपनी साधारण ०.०५० इंचापासून सुरुवात सुचवते.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही: नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज दबका आला, धक्का हलका लागला: रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. गोळी मध्ये अडकली असेल तर पुढची झाडलेली गोळी नळी फाडते.

संशयाची काडतुसं हातोडीसारख्या बुलेट-पुलरनं उघडा. त्यातली पावडर मूळ डब्यात परत ओतू नका. गोळ्या पुन्हा वापरता येतात, टोकं वाकली नसतील तर, आणि त्याही सरावालाच.